हॉवर्थचं क्वार्टर

आई पहिल्यांदा इंग्लंडला आली त्या जूनमध्ये मी तिला हॉवर्थला नेलं. तिला खरं तर राणीचा राजवाडा बघायचा होता. लीड्सहून लंडन एका दिवसात आटपत नाही असं सांगून मी तिला गप्प केलं आणि शनिवारी सकाळी कीथलीच्या गाडीत बसवलं. (या गावाच्या स्पेलिंगवर जाऊ नका. मी पहिली दोन वर्षं त्याला भलत्याच नावाने हाक मारत होते, आणि तिकीट खिडकीवरचा माणूस दोन वर्षं मुकाट्याने तिकीट देत होता.) कीथलीहून पुढे बस जाते, शिवाय वाफेच्या इंजिनाची गाडीही जाते. ती लाइन १८६७ साली सुरू झाली, १९६२ मध्ये बंद पडली आणि हौशी लोकांनी खटपट करून १९६८ मध्ये पुन्हा चालू केली. इंजिनाने शिट्टी दिली तशी आईला मिरजेची मीटरगेज आठवली. निम्मा प्रवास त्यातच गेला.

हॉवर्थचा मुख्य रस्ता म्हणजे नुसता उभा चढ. त्यात दगड आडवे न घालता उभे ठोकून बसवलेले, घोड्यांच्या नालांना पकड मिळावी म्हणून. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई एका दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाली, "घोड्यांचा विचार केला, गुडघ्यांचा नाही केला."

चढ संपतो तिथे चर्च आहे. चर्चच्या बाजूने एक बोळ वर जाते; तिच्या एका अंगाला थडगी, दुसऱ्या अंगाला जुनी रविवारची शाळा. आणि बोळीच्या वरच्या टोकाला ते घर. इंग्रजी शिकवणाऱ्या कॉलेजांत या घराचं नाव फार आदराने घेतात. ब्राँटी बहिणी इथल्या. शार्लट, एमिली आणि ॲन. त्यांच्या कादंबऱ्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते काम अनेकांनी केलंय, माझ्या कुवतीपेक्षा बरं केलंय. मला घराबद्दल लिहायचंय. म्हणजे तसं ठरवलं नव्हतं. आईने फाटकात उभं राहून दोन प्रश्न विचारले, त्यातून हे सुरू झालं.

पहिला प्रश्न असा, "दारातच मसणवटा? आणि पोरं केवढाली होती म्हणालीस?"

"सहा होती. थोरली सहा-सात वर्षांची, धाकटी तीन महिन्यांची."

मग ती घराकडे बघत थोडा वेळ थांबली. मला वाटलं आता भुताखेतांवर येणार. तर म्हणाली, "पाणी कुठनं आणायची ही लोकं?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या आईने विचारला नसता. माझे बाबा आरोग्यसेवक होते. तेहतीस वर्षं त्यांनी साताऱ्याकडच्या गावांत विहिरींमध्ये पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली, टाकून घेतली, न टाकणाऱ्यांशी भांडणं केली. त्यांच्या पिशवीत एक क्लोरोस्कोप असे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन नावाच्या औषधाचे, थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं होतंय का बघायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, घोट घ्यायला हरकत नाही. नाही झालं तर वहीत "ओटी निगेटिव्ह" आणि सरपंचांच्या घरी फेरी. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे पाहुणे आले की यजमान आधी त्यांच्या पाण्याची ओटी घेतात.

आम्ही राहायचो आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे न्हाणी, वर पत्रा. क्वार्टर गावाच्या टोकाला, आणि तिथून ओढा ओलांडला की स्मशान. आपल्याकडे ते असंच असतं, वेशीबाहेर, पाण्याच्या खालच्या अंगाला. रात्री कधी उजेड दिसला तर आई खिडकी लावून घ्यायची, बस्स. इंग्लंडातल्या जुन्या खेड्यात उलटं असतं. चर्च गावाच्या मध्यात, आणि मेलेली माणसं चर्चच्या भोवती. रविवारी प्रार्थनेला जायचं तर आजोबांच्या दगडाला वळसा घालूनच जायचं. हॉवर्थमध्ये ही दाटी इतकी आहे की पाय ठेवायला जागा नाही. बरेचसे दगड उभे नाहीत, जमिनीवर आडवे आहेत. काळे पडलेले, एकाला एक लागून, लग्नाच्या पंगतीत पाट मांडावेत तसे. त्यांच्यावर उंच झाडं आहेत आणि झाडांवर कावळ्यांच्या जातीतल्या पक्ष्यांचा अखंड कलकलाट. फोटो काढायला ही जागा फार सोयीची. धुकं असेल तर विचारूच नका.

पण ती झाडं १८६४ साली लावलेली आहेत. एमिली गेली १८४८ मध्ये, ॲन १८४९ मध्ये, शार्लट १८५५ मध्ये. म्हणजे आपण ज्या गर्द सावलीत उभे राहून "काय गूढ वातावरण असेल" म्हणतो, ती सावली त्या मुलींनी बघितलेलीच नाही. त्यांच्या खिडकीसमोर होता नुसता उघडा उतार आणि दगडच दगड. झाडंही सौंदर्यासाठी लावलेली नव्हती. त्याचं कारण पुढे येईल.

आता घर. १७७८-७९ मध्ये बांधलेलं, चर्चच्या धर्मगुरूला राहण्यासाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच खणी, दुमजली. मधोमध दार, दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या, वरच्या मजल्यावर पाच. कागदाची घडी घातली तर डावी बाजू उजवीवर बरोबर बसेल. भिंती इथल्याच डोंगरातल्या भरड वालुकाश्माच्या. छपरावर कौलं नाहीत, दगडाच्या जाड चिपा आहेत. दारावर एक साधा त्रिकोणी माथा, एवढाच काय तो दागिना. त्या काळच्या इंग्रज बांधकामाची ही शिस्त मला आवडते. प्रमाण जमलं की नक्षी लागत नाही. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, लहान-लहान तावदानांच्या, आतून लाकडी झडपा. घराचं तोंड पूर्वेला. आईने हे ताबडतोब टिपलं. "दिशा बरोबर आहे, समोरचं चुकलंय," असा निकाल दिला.

घराच्या मागे गाव नाही. मागे माळ सुरू होतो, तो डोंगरामागून डोंगर पसरत जातो. ऑगस्टमध्ये तिथे हिदर नावाच्या झुडपाची जांभळी फुलं येतात तेव्हा मला दरवर्षी कासचं पठार आठवतं आणि दरवर्षी मी ते कुणाला तरी सांगते. माळावरच्या पायवाटांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली जपानी लिपी आहे, एवढे जपानी वाचक इथवर येतात. मराठी पाटी नाही, पण ते असो. सांगायचा मुद्दा, हे घर दोन ओसाड गोष्टींच्या मध्ये उभं आहे, पुढे थडगी आणि मागे माळ. वारा दोन्हीकडून.

या मुलींचे वडील पॅट्रिक ब्राँटी १८२० च्या एप्रिलमध्ये थॉर्नटनहून इथे राहायला आले. सात गाड्यांत सामान होतं असं सांगतात. ते मूळचे आयर्लंडचे, गरीब घरातले. केंब्रिजला शिकले आणि धर्मगुरू झाले. बायको मारिया दीड वर्षात, सप्टेंबर १८२१ मध्ये वारली. तिची बहीण कॉर्नवॉलहून मुलांना सांभाळायला आली ती कायमची राहिली. थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, बोर्डिंगच्या शाळेतून आजारी होऊन परत आल्या आणि १८२५ मध्ये पाठोपाठ गेल्या. अकरा आणि दहा वर्षांच्या. राहिली चार मुलं, मावशी, वडील आणि स्वयंपाकघरात टॅबी नावाची गावातली बाई.

घरात शिरल्यावर फरशी लागते. दगडी फरशी, आणि जिनाही दगडीच. शार्लटच्या एका मैत्रिणीने लिहून ठेवलंय की ही फरशी कायम लख्ख असे, भिंतींना कागद नव्हता, पारव्या रंगाचा हात दिलेला होता, आणि सतरंजी काय ती दोनच खोल्यांत. पडदे नव्हते. पॅट्रिकना आगीची फार धास्ती होती म्हणून, असं सांगतात. मुलं, मेणबत्त्या आणि कापड एकत्र नको. ही धास्ती उगाच नसावी. धर्मगुरू म्हणून त्यांनी अंगावर कपडे पेटून मेलेली मुलं पुरली होती. आमच्या क्वार्टरमध्येही स्टोव्ह पेटवताना मला आणि भावाला दाराबाहेर उभं करत, आणि का ते आईने पुढे फार वर्षांनी सांगितलं. बाबांनी भाजलेल्या केसेस बघितल्या होत्या.

उजवीकडे पॅट्रिकची अभ्यासिका. डावीकडे जेवणाची खोली. अभ्यासिकेच्या मागे स्वयंपाकघर. जिन्याच्या वळणावर एक उंच घड्याळ आहे. रात्री नऊ वाजता पॅट्रिक झोपायला जाताना जेवणाच्या खोलीत डोकवायचे, मुलींना "फार जागू नका" म्हणायचे, अर्ध्या जिन्यावर थांबून घड्याळाला किल्ली द्यायचे आणि वर जायचे. मुली जागायच्याच. टेबलाभोवती गोल-गोल चालत एकमेकींना लिहिलेलं वाचून दाखवायच्या, रात्री अकरापर्यंत.

वर, दरवाज्याच्या बरोबर वरती, एक चिंचोळी खोली आहे. मुलांची खोली. शेगडी नाही. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ही तर आपली कोठी." याच खोलीत चार मुलांनी आपलं वेगळं जग रचलं. १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी, म्हणजे भावंडांतल्या एकुलत्या एक मुलासाठी, लाकडी शिपायांचा संच आणला, आणि त्या शिपायांना वाचता यावीत म्हणून मुलांनी त्यांच्या मापाची पुस्तकं तयार केली. काडेपेटीएवढी. साखरेच्या पुड्यांचा कागद, भिंतीच्या कागदाचे तुकडे, काय मिळेल ते शिवून. काचेखाली एक ठेवलंय. अक्षर इतकं बारीक की आई चष्मा काढून, परत लावून, नाक काचेला टेकवून बघत राहिली. मागे रांग झाली. कुणी काही बोललं नाही. इंग्रज माणूस रांगेत मरेल पण बोलणार नाही.

तर पाणी.

घराला स्वतःची विहीर होती. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "उतार कुठल्या बाजूला?" हा बाबांचा प्रश्न. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: विहीर वर का गटार वर? मी पुन्हा बाहेर येऊन बघितलं. तिसऱ्या खेपेला मला पहिल्यांदा कळलं की घर वर आहे, थडग्यांचा बराचसा भाग त्याच्या खालच्या अंगाला, आणि गाव त्याहून खाली. म्हणजे "थडग्यांचं पाणी पिऊन ब्राँटी मेल्या" अशी जी एक चटकदार गोष्ट सांगतात ती या घरापुरती तरी जरा सांभाळूनच घ्यावी. या भावंडांना बहुतेक क्षयाने नेलं. पाण्याने मारलं ते खालच्या गावाला.

मात्र या विहिरीची एक नोंद पॅट्रिकने स्वतः करून ठेवली आहे आणि मला ती फार आवडते. १८४७ मध्ये त्यांनी विहीर उपसून घेतली. वीस वर्षं उपसली नव्हती. पाण्याला पिवळट झाक होती, आणि तळाशी सापडले कुजून गेलेले आठ पत्र्याचे डबे. कल्पना करा, घरात तीन मुली लिहून-लिहून बोटं दुखवतायत, त्यांची पुस्तकं त्याच वर्षी लंडनला छापली जातायत, आणि बाप परसात उभा राहून डबे मोजतोय. एक, दोन, तीन… आठ. बाबा असते तर म्हणाले असते, आकडा लिहून ठेवणारा माणूस भरवशाचा. आणि पिवळ्या पाण्यावरून त्यांनी एक विनोदही केला असता, की आमच्याकडे पिवळं झालं की पाणी पास.

खालच्या गावात काय चाललं होतं ते एका सरकारी अहवालात आहे. १८४८ मध्ये इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. गावातल्या एक दशांश करदात्यांनी सह्यांचा अर्ज केला तर लंडनहून निरीक्षक पाठवायची त्यात तरतूद होती. त्याच सप्टेंबरात ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात ॲन. आठ महिन्यांत तीन मुलं. पॅट्रिक बहात्तर वर्षांचे होते, तीनच वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढलेला. त्यांनी १८४९ मध्येच गावाच्या सह्या गोळा करून अर्ज पाठवला. निरीक्षक आला नाही. मग स्मरणपत्र.

या शब्दावर आई हसली. स्मरणपत्र! आमच्या घरात "संदर्भ: आमचे दिनांक अमुकचे पत्र" ही ओळ मी शुभंकरोतीच्या वयात पाठ केलेली. बाबा रात्री जेवणानंतर कार्बन घालून लिहायचे: पाइपलाइन फुटली आहे, गटाराशेजारून गेली आहे, कृपया. एका गावच्या पाइपलाइनसाठी त्यांनी किती पत्रं लिहिली ते मला आठवत नाही, पण कार्बनची निळी बोटं आठवतात.

निरीक्षक आला एप्रिल १८५० मध्ये. नाव बेंजामिन हर्शेल बॅबेज. होय, तेच; कॉम्प्युटरचा आजोबा म्हणवणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा मुलगा. इकडे आयटीत काम करणाऱ्या अर्ध्या मराठी मंडळींना बाप माहीत आहे आणि मुलगा नाही. मुलाने जे बघितलं ते असं. गावात एकाही घरात पाण्याचा संडास नाही. काही ठिकाणी दोन डझन घरांत मिळून एकच खड्ड्याचा. उकिरडे घरांना लागून, खाटीकखान्याचं रस्त्यावर वाहणारं. बऱ्याचशा गावाची मदार एका सार्वजनिक झऱ्यावर, आणि त्याची धार उन्हाळ्यात इतकी बारीक की सोमवारच्या धुण्यासाठी बायका रात्री दोन-तीन वाजता उठून नंबर लावायच्या. कधी कधी पाणी असं हिरवं यायचं की गुरं तोंड लावायची नाहीत. त्या गावात जन्मणाऱ्या मुलांपैकी ४१.६ टक्के वयाची सहा वर्षं पुरी व्हायच्या आत जात होती. मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं. लंडनच्या सगळ्यात गलिच्छ वस्त्यांच्या बरोबरीने, आणि हे मोकळ्या माळावरचं, भरपूर वाऱ्याचं खेडं.

हा आकडा वाचल्यापासून मला त्या बहिणींच्या "अकाली" मृत्यूबद्दल बोलताना जरा अडखळायला होतं. ॲन एकोणतीस, एमिली तीस, ब्रॅनवेल एकतीस, शार्लट एकोणचाळिसाव्यात. गावच्या हिशोबाने चौघंही सरासरीच्या पुढे गेली होती. आणि पॅट्रिक, ज्यांनी या गावातल्या अगणित मुलांवर माती लोटली, ते चौऱ्याऐंशी वर्षं जगले.

बॅबेजने थडग्यांबद्दलही लिहिलं. जागा भरलेली आहे, इथे पुरणं बंद करा. शिवाय हे आडवे दगड घालू नका. त्यांच्याखाली हवा जात नाही, वर गवत-झुडूप उगवत नाही, आणि माती आपलं काम करू शकत नाही. म्हणून ती झाडं. मुळांनी जमिनीतलं ओढून घ्यावं, जमीन मोकळी व्हावी, यासाठी पुढे चौदा वर्षांनी लावलेली. तो कलकलाट, ती सावली, ते सगळं एका नळपाणी अहवालाच्या परिशिष्टासारखं आहे. मला यामुळे ती झाडं जास्तच आवडायला लागली.

अहवाल आला म्हणून नळ आले असं झालं नाही. पैसेवाल्या करदात्यांनी विरोध केला. पट्टी वाढेल म्हणून. ज्यांच्या घरात विहीर होती त्यांना घाई नव्हती. हे वाक्य मी मराठीत लिहिताना मला कुठलंही गाव बदलावं लागत नाही. गावाचा जलाशय अखेर १८५८ मध्ये झाला. अर्ज केल्यापासून नऊ वर्षं.

आम्ही जेवणाच्या खोलीत परत आलो, कारण आईला बसायचं होतं आणि बाहेर पाऊस आला होता. तिथे बसायला अर्थातच मिळत नाही, दोरी लावलेली आहे. दोरीपलीकडे ते टेबल, महोगनीचं. त्याच्यावर शाईचे डाग आहेत, मेणबत्तीने भाजल्याची एक खूण आहे आणि कुणीतरी कोरलेलं छोटं इंग्रजी ई अक्षर. ते १८६१ मध्ये या घरातून विकलं गेलं आणि २०१५ मध्ये परत आलं, ५ लाख ८० हजार पौंडांना. आईने रुपयांत हिशोब केला, दोनदा केला आणि सोडून दिला.

"विकलं कशाला पण?"

याचं उत्तर मला नीट देता आलं, कारण त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं होतं की आपण या घराला इतकी वर्षं चुकीचं नाव देतोय. "ब्राँटींचं घर" हे ब्राँटींचं नव्हतंच. ते चर्चचं होतं. नोकरीबरोबर आलेलं आणि नोकरीबरोबर जाणारं. ते क्वार्टर होतं.

हे एकदा समजलं की घराकडे बघायची रीतच बदलते. एकेचाळीस वर्षं एका घरात राहणारा माणूस, पण छप्पर त्याचं नाही. मुलींची सगळी भीतीही त्यातूनच आलेली. बाप आंधळा झाला तर? बाप गेला तर? त्याच दिवशी घर गेलं. म्हणून गव्हर्नेसच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या घरी राहून मुलांना शिकवायच्या, नोकऱ्या, म्हणून या घरातच शाळा काढायचा बेत. त्याची माहितीपत्रकं छापून झाली आणि एकही मुलगी आली नाही. "भाड्याचं घर, खाली कर" म्हणतात, पण भाड्याच्या घरात निदान भाडं तरी देता येतं. क्वार्टर फक्त माणसाच्या श्वासावर टिकून असतं.

आणि तरीही शार्लटने त्यात पैसे घातले. सगळी भावंडं गेल्यावर, १८५० मध्ये, तिने जेवणाची खोली वाढवून घेतली आणि तिच्या वरची आपली झोपायची खोली. जागा कुठून आली? खालच्या हॉलमधून आणि वरच्या त्या चिंचोळ्या खोलीतून. म्हणजे कोठीएवढी असलेली मुलांची खोली आणखी कोठी झाली. तिथे खेळलेली तिघं आता नव्हती. भिंत सरकवताना ती त्या खोलीत उभी राहिली असेल का, हे मी विचारायचं टाळते, पण विचार येतो. मग तिने लाल पडदे आणले. बापाचा नियम तिने तिसाव्या वर्षानंतर, स्वतःच्या कमाईने मोडला. चार वर्षांनी लग्न ठरलं तेव्हा मागची एक कोठीची खोली साफ करून नवऱ्यासाठी अभ्यासिका केली, हिरवा-पांढरा कागद आणि त्याला जुळणारे पडदे. नवरा म्हणजे बापाचाच मदतनीस धर्मगुरू, आर्थर बेल निकोल्स. लग्न समोरच्या चर्चमध्ये, जून १८५४. पुढच्या मार्चअखेर ती गेली आणि त्याच चर्चमध्ये पुरली गेली.

आईने आमच्या क्वार्टरला ओटा बांधून घेतला होता. शहाबादी फरशीचा, उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी, तिच्या शिवणाच्या पैशांतून. बाबा नको म्हणत होते. सरकारी जागेत खर्च कशाला? "जेवायचं सरकारला आहे का मला?" असं ती म्हणाली होती. मी तिला शार्लटची ही हकीकत सांगितली तेव्हा तिने नुसती मान हलवली, ओळखीच्या बाईबद्दल ऐकल्यासारखी.

शार्लट गेल्यावर म्हातारा सासरा आणि जावई या घरात सहा वर्षं राहिले. दोघांचं फारसं पटत नव्हतं आधी, पण राहिले. निकोल्सने सगळं चर्च सांभाळलं. ७ जून १८६१ ला पॅट्रिक गेले. सगळ्यांना वाटत होतं निकोल्सलाच पुढे नेमतील. विश्वस्तांनी दुसऱ्याला निवडलं, जॉन वेड. मग घर खाली करायचं होतं. ऑक्टोबरमध्ये सामानाचा लिलाव झाला. निकोल्स काही कागद, काही कपडे, काही वस्तू घेऊन आयर्लंडला आपल्या गावी गेला आणि पुढे शेती करून राहिला. टेबल दुसऱ्याच्या घरी गेलं.

बाबा रिटायर झाले तेव्हा माझं बारावीचं वर्ष होतं. क्वार्टर ताब्यात दिल्याचा कागद लागत होता. त्यात लिहायचं होतं: पंखे दोन, ट्यूब एक, नळाच्या तोट्या तीन. आईचा ओटा त्यात नव्हता, कारण कागदोपत्री तो नव्हताच. क्लोरोस्कोप सरकारी, तोही जमा. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची कार्बन लावलेली वही तेवढी माझ्याकडे आहे.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. आईने घराच्या उजव्या अंगाकडे बोट दाखवून विचारलं, "हे इकडचं वेगळं कसं दिसतंय?" तिची नजर चांगली आहे. तो भाग नंतरचा आहे. वेडने १८७८ मध्ये उत्तरेला एक मोठी, त्रिकोणी माथ्याची जोडइमारत बांधून घेतली. पाच खणांचा तो सगळा मेळ तिथे बिघडतो. त्याने लहान तावदानं काढून मोठ्या सलग काचाही बसवल्या होत्या, त्या पुढे संग्रहालयवाल्यांनी पुन्हा पूर्वीसारख्या केल्या. चर्चसुद्धा पॅट्रिकचं नाही. वेडने १८७९ मध्ये, लोक नको म्हणत असताना, जुनं चर्च पाडून नवं बांधलं. जुना राहिला तो मनोरा तेवढा. पॅट्रिक रोज सकाळी खिडकीतून भरलेलं पिस्तूल उडवून रिकामं करायचे आणि गोळ्यांच्या खुणा त्या मनोऱ्यावर आहेत, असं सांगतात. आम्ही शोधल्या. दगड इतके खडबडीत आहेत की हवी तिथे खूण सापडते. घर मात्र १९२८ मध्ये सर जेम्स रॉबर्ट्सनी ३००० पौंडांना चर्चकडून विकत घेतलं आणि ब्राँटी सोसायटीला देऊन टाकलं. ते हॉवर्थमध्येच जन्मलेले, पुढे सॉल्टेअरच्या मोठ्या लोकरगिरणीचे मालक झालेले. म्हणजे घर शेवटी ब्राँटींच्या नावावर झालं, पॅट्रिक गेल्यावर सदुसष्ट वर्षांनी.

वेडबद्दल मी बऱ्यापैकी तिखट बोलले असणार. एवढ्या चांगल्या घराची वाट लावली, जुनं चर्च पाडलं, वगैरे. आम्ही बसस्टॉपवर उभ्या होतो. आई पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मला देत म्हणाली, "तो राह्यला आला होता ना? त्याला पायजे तसं केलं त्यानं. आपल्या मागनं आलेल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात माझा कढीपत्ता तोडला. अंधार येतो म्हणाली."

मग थोड्या वेळाने, लाडू संपल्यावर, "ओटा ठेवलाय अजून. गेल्या वर्षी जाऊन बघून आले मी."